याजकपण आणि यज्ञ (ख्रिस्ती श्रद्धेतील)

माणसांच्या वतीने देवापुढे उभा राहून अर्पण करतो तो याजक. जे अर्पण होते तो यज्ञ किंवा बली. ख्रिस्ती श्रद्धेत या दोन जागा शेवटी एकाच व्यक्तीकडे येतात. येशू ख्रिस्त अर्पण करणाराही आहे आणि अर्पिला गेलेलाही तोच आहे. हे एकदा लक्षात आले की पुढचे वादही समजतात.

‘यज्ञ’ आणि ‘याजक’ हे दोन्ही शब्द ‘यज्’ धातूचे, म्हणजे मराठी बायबलात येण्याआधीच अर्थाने भरलेले. कोल्हापूरच्या वाचकाला ते ऐकताना अंबाबाईचे श्रीपूजक आठवतील, नाहीतर गावच्या यात्रेतला बोकड. देवापुढे आपल्या वतीने कोणी उभे राहायचे, हा प्रश्नही या शहराने पेटलेला पाहिला आहे. राजघराण्याचे विधी वेदमंत्रांनी करायला ब्राह्मण पुरोहितांनी नकार दिला, त्या वेदोक्त प्रकरणानंतर राजर्षी शाहू महाराजांनी १९२० मध्ये पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठाच्या गादीवर सदाशिवराव बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरू, म्हणजे मराठ्यांचे स्वतंत्र धर्मगुरू, म्हणून बसवले. ख्रिस्ती परंपरेतला वाद निराळ्या मातीतला आहे. पण याजक कोण, ही गोष्ट किती खोलवर लागते, ते इथे वेगळे सांगावे लागत नाही.

जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या भागात, याजकपण वंशपरंपरेने चाले. लेवीच्या वंशातल्या अहरोनाचे घराणे याजकांचे. लेवीय पुस्तकाच्या पहिल्या सात अध्यायांत होमबली, अन्नबली, शांत्यर्पण, पापबली आणि दोषबली असे प्रकार सांगितले आहेत. सगळेच रक्ताचे नाहीत. अन्नबली पिठाचा आणि तेलाचा. ज्याला कोकरू परवडत नाही त्याने दोन पक्षी आणावेत, तेही जमत नसेल तर पापबली म्हणून थोडे पीठ आणावे, अशी सोय तिथेच आहे. बाळ येशूला मंदिरात नेले तेव्हा मरीया आणि योसेफ यांनी गरिबांचे हेच पक्ष्यांचे अर्पण केले, असे लूक सांगतो. हा बारकावा मला फार मोलाचा वाटतो.

वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, महायाजक पडद्याआड परमपवित्रस्थानात, म्हणजे मंदिराच्या सर्वांत आतल्या गाभाऱ्यात, जाई. त्या दिवशी दोन बकरे आणत. एकाचा बळी दिला जाई. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून महायाजक लोकांची पापे कबूल करी आणि त्याला जिवंतच रानात सोडून देत. आपण ‘बळीचा बकरा’ म्हणतो त्यात हे दोन्ही बकरे एक होऊन जातात. मूळ विधीत मात्र एक मरण सोसतो आणि दुसरा ओझे दूर नेतो. ख्रिस्ती वाचन ही दोन्ही कामे क्रुसावर पाहते.

संदेष्ट्यांनी यज्ञावर कडक टीकाही केली. देवाला बळीपेक्षा दया हवी, हे होशेयाचे म्हणणे येशूने दोनदा उचलून धरल्याचे मत्तय लिहितो.

नव्या करारात या विषयाचा सर्वांत सविस्तर विचार इब्री लोकांस पत्रात आहे. येशू यहूदा वंशातला, मग तो याजक कसा? पत्रलेखक उत्पत्तीतल्या मलकीसदेकाकडे वळतो. अब्राहामासमोर भाकर आणि द्राक्षारस घेऊन आलेला हा राजा याजकही होता आणि त्याची वंशावळ कुठेच दिलेली नाही. ख्रिस्ताचे याजकपण त्याच्यासारखे, जन्मावर न टेकलेले. पुढे पत्रात एक साधे चित्र येते. जुना याजक रोज उभा राहून तेच ते यज्ञ करतो. ख्रिस्त एकदाच अर्पण करून बसला. निवासमंडपाच्या, म्हणजे मंदिराआधीच्या उपासनेच्या तंबूच्या, सामानात मेज आहे, दीपवृक्ष आहे, धूपवेदी आहे. याजकाला टेकायला काही नाही, कारण त्याचे काम कधी संपतच नसे.

इ. स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडले आणि तिथले बळी थांबले. नव्या करारात मंडळीच्या, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या समाजाच्या, सेवकांना ‘याजक’ म्हटलेले नाही. त्यांना वडील, अध्यक्ष, सेवक म्हटले आहे. याजकगण म्हटले आहे ते सगळ्या विश्वासणाऱ्यांना, पेत्राच्या पहिल्या पत्रात. याच आधारावर १५२० मध्ये प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने सर्व विश्वासणाऱ्यांचे याजकपण मांडले. कॅथलिक मंडळीने १५६२ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेत मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा उपासनाविधी, हे खरे बलिदान असल्याचे ठरवले. त्यात क्रुसावरचाच यज्ञ रक्ताविना सादर होतो, नवा यज्ञ घडत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १९६४ मध्ये सर्वांचे याजकपण मान्य केले, मात्र दीक्षित धर्मगुरूंचे याजकपण त्याहून मुळातच वेगळे असल्याचे सांगितले.

कोल्हापुरात हा फरक बोलण्यात ऐकू येतो. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये इथे आले, आणि त्यांचे मिशन पुढे प्रेसबिटेरियन या प्रोटेस्टंट मंडळीकडे गेले. ‘प्रेसबिटर’ म्हणजे वडील. म्हणून त्या परंपरेतली माणसे ‘पाळकसाहेब’ म्हणतात, याजक म्हणत नाहीत. पांढरे कापड अंथरलेला तो प्रभुभोजनाचा मेज. त्यावर भाकरीचे तुकडे आणि छोटे प्याले. कॅथलिक देवळात तीच जागा वेदी असते आणि तिच्यापुढे उभे असतात ते फादर. मेज की वेदी, या एका शब्दात चारशे-पाचशे वर्षांचा वाद मावतो.

मंडळी स्वतः जे अर्पण करते त्याला मात्र दोन्हीकडे जागा आहे. पौल रोमकरांना आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून द्यायला सांगतो. इब्री पत्र स्तुतीला आणि परोपकाराला यज्ञ म्हणते. कापणीच्या सणाला खेड्यापाड्यांतली माणसे भाताची पिशवी, गुळाची ढेप, उसाची मोळी, एखादी पाय बांधलेली कोंबडी पुढे आणून ठेवतात. प्रार्थना होते, मग देवळाच्या अंगणात लिलाव. पुष्कळदा ज्याने ढेप आणलेली असते तोच बोली चढवून ती परत घेतो.