रोंगेलापची मुलं आणि नऊ वर्षांनी हाताला लागलेली गाठ

सकाळी रिकाम्या पोटी थायरॉइडची गोळी, मग अर्ध्या तासाने चहा. हा क्रम आता आपल्याकडे घरोघरी ओळखीचा आहे. पॅसिफिक महासागरातल्या रोंगेलाप बेटावर १९६५पासून ही गोळी गावातल्या एकेका घराला नव्हे, किरणोत्सर्गी राख अंगावर घेतलेल्या प्रत्येकाला सुरू करण्यात आली. ती वेळ का आली, हे समजून घ्यायचं तर अकरा वर्षं मागे जावं लागतं.

मार्शल बेटं तेव्हा संयुक्त राष्ट्रांनी अमेरिकेच्या विश्वस्त कारभाराखाली दिली होती. १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेने तिथे ६७ अणुचाचण्या केल्या. १ मार्च १९५४च्या पहाटे त्यांतल्याच बिकिनी बेटावर झालेली 'ब्राव्हो' ही त्यांतली सर्वांत मोठी. स्फोट पाच-सहा मेगाटनचा (एक मेगाटन म्हणजे दहा लाख टन टीएनटी स्फोटकाइतका) होईल असा अंदाज होता, झाला १५ मेगाटनचा. उंचावरचे वारे पूर्वेकडे वळत असल्याचे अहवाल आदल्या रात्रीच हाती आले होते. तरीही चाचणी पुढे ढकलली नाही आणि पूर्वेच्या बेटांवरची माणसंही आधी हलवली नाहीत.

पूर्वेला दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावर रोंगेलाप. काही तासांनी तिथे आकाशातून पांढरी भुकटी पडू लागली. स्फोटाने उडालेल्या प्रवाळाची ती राख होती. झावळ्यांवर, अंगणात, केसांत, पावसाचं पाणी साठवण्याच्या टाक्यांत ती साचली. मुलं तिच्यात खेळली. लोक तेच पाणी प्यायले, त्याच उघड्यावरच्या अन्नाचे घास घेतले. संध्याकाळपासून उलट्या आणि अंगाची खाज सुरू झाली. पुढच्या आठवड्यांत कातडी भाजल्यासारखी सोलवटली, केसांचे झुपके गळाले.

रोंगेरिक बेटावरच्या २८ अमेरिकी सैनिकांना २ मार्चला बाहेर काढलं. रोंगेलापच्या ६४ जणांना आणि शेजारच्या आयलिंगिनाए बेटावर गेलेल्या त्यांच्या १८ गाववाल्यांना ३ मार्चला हलवलं. आणखी पूर्वेच्या उटिरिकवरच्या दीडशेहून अधिक लोकांची पाळी त्यानंतर आली. थायरॉइडच्या दृष्टीने हे दोन दिवस फार महागात पडले.

गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला संप्रेरक (हार्मोन) बनवायला आयोडीन लागतं. ते मिठातून आलेलं साधं आयोडीन आहे की अणुस्फोटातून आलेलं किरणोत्सर्गी, हा फरक तिला कळत नाही. मिळेल ते ती ओढून घेते. अवघं शरीर ज्या किरणोत्सर्गाला तोंड देतं, त्याहून कितीतरी जास्त मात्रा मग त्या इवल्याशा ग्रंथीत साठते. प्रौढ माणसाची ग्रंथी पंधरा-वीस ग्रॅमची, वर्षभराच्या बाळाची जेमतेम दोन ग्रॅमची. तेवढंच आयोडीन इतक्या लहान ग्रंथीत गेलं की मात्रा अनेक पटींनी वाढते.

मात्रेचा पहिला हिशोबही कमीच निघाला. ८ दिवस अर्धायुष्य असलेलं, म्हणजे तेवढ्यात निम्मं उरणारं, आयोडीन-१३१ सर्वांना ठाऊक होतं. पण ताज्या राखेत काही तासांत विरून जाणारी आयोडीनची इतर समस्थानिकंही, म्हणजे त्याच मूलद्रव्याची वेगळी किरणोत्सर्गी रूपंही, असतात, आणि रोंगेलापवर थायरॉइडला बसलेल्या माऱ्यात मोठा वाटा त्यांचाच होता. तपासणीसाठी लघवीचे नमुने घेईपर्यंत ती नाहीशी झाली होती.

१९५७मध्ये बेट राहण्याजोगं असल्याचं सांगून लोकांना परत पाठवलं. अमेरिकेच्या ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेचे डॉक्टर दरवर्षी तपासायला येत. काही मुलांची वाढ खुंटल्याचं त्यांच्या नजरेस आलं होतं. पण रक्तातल्या आयोडीनवरून थायरॉइड तपासण्याची त्या काळची पद्धत या लोकांच्या बाबतीत फसवी ठरली. त्यांच्या रक्तात दुसरीही आयोडीनयुक्त प्रथिनं जास्त होती, त्यामुळे ग्रंथी मंदावलेली असतानाही आकडा ठीक दिसायचा. स्फोटाच्या वेळी वर्षभराचे असलेले दोन मुलगे तर जवळजवळ वाढायचेच थांबले होते. त्यांच्या ग्रंथी सुकून गेल्या होत्या.

१९६३मध्ये बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यात गाठ हाताला लागली. राख पडली तेव्हा ती जेमतेम तीन वर्षांची असणार. त्यानंतर गाठी सापडतच गेल्या. राख पडली तेव्हा रोंगेलापवर असलेल्या दहा वर्षांखालच्या १९ मुलांपैकी बहुतेकांना पुढे गाठी झाल्या. शस्त्रक्रियेसाठी त्यांना अमेरिकेला नेलं जाई. कुठे पॅसिफिकमधलं ते बेट आणि कुठे बॉस्टन किंवा क्लीव्हलंडचं रुग्णालय! गळ्यावर व्रण घेऊन मुलं घरी परतत. बऱ्याच गाठी साध्या निघाल्या, काही कर्करोगाच्या. ग्रंथीच्या संप्रेरकाची उणीव भरून काढणारी ती गोळी जन्मभराची झाली.

मला सगळ्यात टोचतो तो तुलनेचा गट. स्फोटाच्या दिवशी बेटाबाहेर असलेले रोंगेलापवासी 'बाधा न झालेले' म्हणून अभ्यासात धरले होते. १९५७नंतर तेही त्याच मातीतला नारळ, केतकीच्या जातीचं पँडॅनस आणि तिथले खेकडे खात होते. कागदावर ते निरोगी माणसांचं माप होते, राहत मात्र त्याच दूषित जमिनीवर होते. उटिरिकचे लोक तर काही महिन्यांतच घरी परतले होते. कमी मात्रा म्हणून त्यांची फारशी काळजी वाटली नव्हती. गाठी त्यांच्यातही निघाल्या, फक्त उशिरा.

१९८७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने बाकीच्या बेटांवरच्या लोकांचे गळे तपासले आणि बिकिनीपासून जितकं अंतर जास्त तितकं गाठींचं प्रमाण कमी, असं मांडलं. पुढच्या तपासण्यांत हा उतरता क्रम तितका स्पष्ट दिसला नाही. पण बाधित म्हणजे फक्त दोन-तीन बेटं, ही सोयीची समजूत त्यानंतर टिकली नाही.

'ब्राव्हो'नंतर महिन्याभरात, २ एप्रिल १९५४ रोजी, नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या निदान स्थगित कराव्यात अशी मागणी केली होती. चाचण्या मात्र चालूच राहिल्या.

१९८५मध्ये रोंगेलापच्या लोकांनी स्वतःच बेट सोडलं. सरकारने जहाज दिलं नाही, म्हणून ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेच्या 'रेनबो वॉरियर' जहाजावरून ते मेजाटो या दुसऱ्या बेटावर गेले. पुढे १५ कोटी डॉलरच्या निधीवर, चाचण्यांच्या भरपाईचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण उभं राहिलं. आपला आजार किरणोत्सर्गामुळेच झाला हे तिथे सिद्ध करावं लागत नव्हतं. चाचण्यांच्या काळात माणूस या बेटांवर असणं आणि आजार ठरलेल्या यादीत असणं पुरे होतं. कर्करोग नसलेली थायरॉइडची गाठही त्या यादीत होती. पण निधी आटला, आणि मंजूर झालेली पूर्ण रक्कम हाती पडण्याआधीच अनेक दावेदार वारले.