दर्शक सर्वनामे आणि अंतराच्या पायऱ्या

बोलणाऱ्यापासून वस्तू किती लांब आहे, हे दर्शक सर्वनामे आणि त्यांच्या जोडीची क्रियाविशेषणे दाखवतात. मराठीत अशा पायऱ्या दोनच : हा–तो, इथे–तिथे, असा–तसा. गोव्यात मराठीच्या शेजारी नांदणाऱ्या कोकणीतही दोनच : हो–तो, हांगा–थंय, हेवटेन–तेवटेन. (कोकणीत ‘हो’ म्हणजे आपला ‘हा’, होकाराला ‘हय’ म्हणतात.)

१९६१पर्यंत गोव्याची राजभाषा असलेल्या पोर्तुगीजमध्ये मात्र तीन पायऱ्या आहेत : एस्त, एस, अकेल. यातली मधली पायरी म्हणजे मध्यम अंतर नव्हे. ती ऐकणाऱ्यापाशी असलेल्या वस्तूची. म्हापशाहून लिस्बनला फोन लावून ‘तिकडे पाऊस आहे का?’ विचारले, तर मराठी ‘तिकडे’ ऐकणाऱ्याच्या गावालाही चालते आणि तिसऱ्याच गावालाही. पोर्तुगीजमध्ये ऐकणाऱ्याकडच्यासाठी ‘अई’ आणि दूरच्यासाठी ‘ला’ असे वेगळे शब्द आहेत. जपानीत कोनो–सोनो–आनो यांची वाटणी साधारण अशीच आहे.

संस्कृतची रचना याहून बारीक. एका जुन्या कारिकेनुसार (व्याकरणाच्या श्लोकानुसार) जवळच्याला ‘इदम्’, त्याहून जवळच्याला ‘एतद्’, लांबच्याला ‘अदस्’ आणि नजरेआडच्याला ‘तद्’. मराठी ‘तो’ या ‘तद्’च्या कुळातला. म्हणूनच तो समोरच्या झाडालाही लागतो आणि कालच निघून गेलेल्या माणसालाही. त्याला नुसता ‘दूरदर्शक’ म्हणणे अपुरे आहे. सिंहलीतही चार पायऱ्या आहेत आणि न दिसणाऱ्या, पण बोलण्यात येऊन गेलेल्या गोष्टीसाठी स्वतंत्र रूप आहे. तमिळमध्ये इदु–अदु यांच्या मधला ‘उदु’ भारतात मागे पडला, श्रीलंकेतल्या जाफन्याच्या बोलीत टिकला.

भाषाशास्त्रज्ञ होल्गर डीसेल यांनी तपासलेल्या २३४ भाषांपैकी १२७ भाषांत दोन पायऱ्या, ८८ भाषांत तीन, १२ भाषांत चार किंवा अधिक आढळल्या. सात भाषांत दर्शकांमध्ये अंतराचा भेदच नव्हता.

दोनच पायऱ्या असल्या म्हणून मराठी-कोकणीचे अडत नाही. ‘तोऽऽ तिकडे’ म्हणताना स्वर लांबवला की अंतर वाढते. शिवाय मराठीत अलीकडे–पलीकडे आहे, आणि नद्यांच्या गोव्यात कोकणीने अलतड–पलतड ही जोडी जपली आहे. पणजीच्या धक्क्यावर उभे असताना बेती पलतडी असते; फेरीबोट मांडवी ओलांडून बेतीला लागली की पणजी पलतडी जाते.