विक्रम नोव्हेंबरातच का होतात? ग्रिनेलच्या १३८ गुणांची पार्श्वभूमी

२० नोव्हेंबर २०१२, मंगळवार. अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या ग्रिनेल कॉलेजने बास्केटबॉलच्या सामन्यात आपल्या घरच्या कोर्टवर फेथ बॅप्टिस्ट बायबल कॉलेजला १७९-१०४ असं हरवलं. त्यातले १३८ गुण एकट्या जॅक टेलरचे. तो ३६ मिनिटं कोर्टवर होता आणि तेवढ्यात त्याने बास्केटवर १०८ वेळा चेंडू मारला, म्हणजे सरासरी दर २० सेकंदांना एकदा. ५२ शॉट पडले, त्यांतले २७ तीन गुणांचे. मध्यंतराला त्याचे ५८ गुण होते, उत्तरार्धात ८० झाले. असिस्टच्या, म्हणजे सहकाऱ्याला बास्केट करून देणाऱ्या पासच्या, रकान्यात मात्र शून्य.

दुसऱ्या दिवशी जगभरच्या क्रीडापानांवर आलेलं चित्र एवढंच होतं. एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या कोबी ब्रायंटपासून लेब्रॉन जेम्सपर्यंत सगळ्यांना त्यावर बोलावं लागलं. ‘हा कोण बुवा?’ हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. हे नेमकं तिथेच, आणि हंगाम सुरू होता होताच कसं घडलं, हे फारसं कुणी विचारलं नाही.

ग्रिनेलच्या मोठ्या विक्रमांच्या तारखा एका ओळीत मांडून पाहा. स्टीव्ह डीकमनचे सिम्प्सनविरुद्ध ६९ गुण, १९ नोव्हेंबर १९९४. ग्रिफिन लेन्शचे प्रिन्सिपियाविरुद्ध ८९, १९ नोव्हेंबर २०११. टेलरचे १३८, २० नोव्हेंबर २०१२. पुन्हा टेलरच, मिनेसोटातल्या क्रॉसरोड्स कॉलेजविरुद्ध १०९, १७ नोव्हेंबर २०१३. जेफ क्लेमेंटचे ७७ (फेब्रुवारी १९९८, इलिनॉय कॉलेजविरुद्ध) हा मोठा अपवाद सोडला, तर ही सगळी नोव्हेंबरातली पिकं आहेत. हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा प्रकार नाही.

अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांचं बास्केटबॉल हे मोठ्या कॉलेजांच्या बास्केटबॉलचं धाकटं भावंड आहे, असा समज असतो. खरं तर वयाने तेच मोठं. डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत गॅलरीच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकून हा खेळ सुरू केला. दोन कॉलेजांमधला पहिला सामना म्हणून ज्याची नोंद केली जाते, तो ९ फेब्रुवारी १८९५ ला मिनेसोटात झाला. हॅमलिन हे छोटंसं कॉलेज आणि राज्याची कृषिशाळा यांच्यात, दोन्हीकडून नऊ-नऊ खेळाडू. कृषिशाळेने ९-३ अशी बाजी मारली. हॅमलिन आजही छोटंच आहे आणि आजही डिव्हिजन-थ्रीमध्ये, म्हणजे कॉलेजांच्या तिसऱ्या गटात, खेळतं.

पुढे पैसा, टीव्ही आणि शिष्यवृत्त्या मोठ्या विद्यापीठांकडे गेल्या. १९३७ मध्ये कॅन्सस सिटीत छोट्या कॉलेजांसाठी वेगळी राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, ती पुढे एनएआयए या संघटनेची झाली. कॉलेज खेळांची मुख्य संघटना असलेल्या एनसीएएने १९५७ पासून छोट्यांना ‘कॉलेज डिव्हिजन’ची स्वतंत्र स्पर्धा दिली आणि १९७३ मध्ये तीन डिव्हिजन पाडल्या. तिसऱ्या डिव्हिजनची मुख्य अट आजही कायम आहे: खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती नाही. पोरगं अभ्यासाला येतं, जमलं तर खेळतं. चार वर्षं बाकावरच बसायचं असेल तर तो सराव सोडून प्रयोगशाळेत जाऊन बसेल, त्याला अडवणारं काही नाही. ग्रिनेलची सगळी गोष्ट या अटीतून निघते.

त्याआधी एक जुना हिशेब पाहायला हवा. टेलरने मोडलेला एनसीएएचा विक्रम १९५४ चा होता, आणि तोही एका चिमुकल्या कॉलेजातलाच. ओहायोतल्या रायो ग्रँड कॉलेजात तेव्हा शंभरही विद्यार्थी नव्हते. कॉलेज बंद पडायच्या बेतात होतं. प्रशिक्षक न्यूट ऑलिव्हर यांना सहा फूट नऊ इंचांचा क्लॅरन्स ‘बेव्हो’ फ्रान्सिस मिळाला आणि त्यांनी हिशेब मांडला: एका पोराने अचाट गुण केले तर वर्तमानपत्रं येतील, त्यांच्यामागे प्रेक्षक येतील, प्रेक्षकांमागे पैसे येतील. ९ जानेवारी १९५३ ला फ्रान्सिसने अ‍ॅशलंड ज्युनियर कॉलेजविरुद्ध ११६ गुण केले. रायो ग्रँडने त्या हंगामातले सगळे ३९ सामने जिंकले.

मग बड्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजं आणि लष्करी संघ यांच्याविरुद्ध केलेले गुण कसले मोजायचे? चार वर्षांची पदवी देणाऱ्या कॉलेजांविरुद्धचेच गुण धरायचे असं ठरलं, आणि ११६ चा आकडा विक्रमांच्या यादीतून पुसला गेला. ऑलिव्हर यांनी पुढच्या हंगामात संघाला थेट न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनपर्यंत नेलं, वेक फॉरेस्टसारख्या संघाला हरवलं, आणि २ फेब्रुवारी १९५४ ला फ्रान्सिसने मिशिगनच्या हिल्सडेल कॉलेजविरुद्ध ११३ गुण केले. हिल्सडेल चार वर्षांचं कॉलेज, त्यामुळे कुणाला बोट ठेवायला जागा उरली नाही. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी फर्मनच्या फ्रँक सेल्वीने न्यूबेरीविरुद्ध बरोबर १०० गुण केले. पहिल्या डिव्हिजनच्या नोंदीत आजही तोच उच्चांक आहे.

फ्रान्सिसचे ११३ कसे आले, ते पाहण्यासारखं आहे. ३८ बास्केट आणि ३७ फ्री थ्रो, म्हणजे समोरच्याच्या फाउलनंतर मिळणारे एकेका गुणाचे मोकळे शॉट. जिच्या बाहेरून मारलेल्या शॉटला दोनऐवजी तीन गुण मिळतात, ती तीन गुणांची रेषा तेव्हा नव्हती. उंच पोरगा बास्केटखाली उभा, चेंडू त्याच्याकडे, समोरचे त्याला धरतात-ढकलतात, पंच शिट्टी वाजवतात. टेलरच्या १३८ मध्ये फ्री थ्रोचे गुण फक्त सात. दोन विक्रमांच्या मध्ये खेळाचा नकाशाच बदलला होता: १९८६-८७ च्या हंगामापासून एनसीएएत तीन गुणांची रेषा आली.

ती रेषा आल्यावर थोड्याच दिवसांत, १९८९ मध्ये, डेव्हिड आर्सेनो ग्रिनेलला प्रशिक्षक म्हणून आले. संघाची अवस्था बिकट होती. विजयांचं पारडं पराभवांपेक्षा जड झालेला हंगाम कॉलेजने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. ग्रिनेल हे अभ्यासासाठी नावाजलेलं कॉलेज. इंटेलचे सहसंस्थापक रॉबर्ट नॉइस इथलेच. हुशार पोरं, पण उंची आणि ताकद यथातथा. आर्सेनो यांनी दोन प्रश्न एकत्र सोडवायचं ठरवलं: हरणं कमी कसं करायचं, आणि बाकावरच्या पोरांना खेळाची गोडी कशी लावायची.

उत्तर म्हणून जे निघालं त्याला तिकडे नुसतं ‘द सिस्टिम’ म्हणतात. पाच जणांची एक तुकडी कोर्टवर उतरते आणि चाळीसेक सेकंद जीव तोडून पळते. मग पाचही जण एकदम बाहेर आणि ताज्या दमाचे पाच आत, आइस हॉकीत करतात तसं. संपूर्ण कोर्टभर प्रेस, म्हणजे चेंडू असलेल्या प्रतिस्पर्ध्यावर सततचा दबाव, चेंडू हातात आला की काही सेकंदांत शॉट, शक्यतो तीन गुणांचा. त्यांनी आकडेही ठरवून टाकले होते. सामन्यात ९४ शॉट मारायचे. त्यातले निम्मे रेषेबाहेरून. प्रतिस्पर्ध्याकडून ३२ वेळा चेंडू घालवून घ्यायचा. आपल्या चुकलेल्या शॉटपैकी तिसरा हिस्सा तरी पुन्हा पकडायचा. प्रतिस्पर्ध्यापेक्षा २५ शॉट जास्त घ्यायचे. एवढं जमलं की सामना बहुतेक खिशात. १९९६ मध्ये ग्रिनेलने मिडवेस्ट कॉन्फरन्स या आपल्या साखळीचं विजेतेपद मिळवलं; त्याआधीचं १९६२ चं होतं.

सिस्टिमची किंमत एका नावातून कळते: डेव्हिड लार्सन. २०१२ च्या त्याच सामन्यात फेथ बॅप्टिस्टच्या या खेळाडूने ७० गुण केले, ४४ पैकी ३४ शॉट आत. एरवी कुठल्याही कॉलेजात ७० गुण म्हणजे आयुष्यभर सांगायची गोष्ट. इथे ती बातमीच्या सातव्या-आठव्या ओळीत गेली. हे गुण आले कुठून? ग्रिनेलचे पाचही जण चेंडूवर तुटून पडतात. प्रेस एकदा फुटला की मागे मैदान मोकळं, आणि बास्केटखाली एकट्याने जाऊन सोपा ले-अप. ग्रिनेल त्या ले-अपमागे धावत सुटत नाही. दोन गुण घ्या, पण लवकर घ्या, कारण मग चेंडू आमच्याकडे येतो आणि आम्ही तीनवर मारतो. समोरच्याला गुण देऊन वेळ विकत घ्यायची ही पद्धत मला धाडसी वाटते. अनेक जाणकारांना ती खेळाची थट्टा वाटते, आणि त्यांचंही अगदीच चुकीचं नाही.

खरा मासला असा की टेलरच्या रात्री सिस्टिम तिच्या नेहमीच्या रूपात नव्हतीच. सिस्टिममध्ये एक खेळाडू साधारण अर्धा सामना खेळतो. टेलर ३६ मिनिटं खेळला. बाकीचे नेहमीप्रमाणे पाळीपाळीने येत-जात राहिले, त्याने चुकवलेला चेंडू बास्केटखालून पकडून पुन्हा त्याच्याच हातात देत राहिले. सगळ्यांना खेळायला मिळावं म्हणून जन्मलेली पद्धत त्या रात्री एकासाठी राबली. त्यालाही कारण होतं. टेलर विस्कॉन्सिनच्या ला क्रॉस विद्यापीठातून ग्रिनेलला नुकताच आला होता. हंगामाच्या सलामीच्या शनिवार-रविवारी त्याचे शॉट काही केल्या पडत नव्हते, आणि नेमबाजाची लय बसवायची तर त्याला मारू द्यायला हवं. ती बसवायला नोव्हेंबर हा हक्काचा महिना.

कारण वेळापत्रक. तिसऱ्या डिव्हिजनचा हंगाम नोव्हेंबरात उघडतो. मिडवेस्ट कॉन्फरन्ससारख्या साखळीतले बहुतेक सामने पुढच्या महिन्यांत असतात. नोव्हेंबरातल्या रिकाम्या तारखा प्रशिक्षकाने स्वतः भरायच्या. लांबचा प्रवास परवडत नाही, म्हणून बसने जाऊन रात्री परत येता येईल असे प्रतिस्पर्धी शोधले जातात. फेथ बॅप्टिस्ट डे मॉइनला लागून असलेल्या अँकेनीचं. ग्रिनेलपासून तासाभराची वाट. काही शे विद्यार्थ्यांची अशी बायबल कॉलेजं मध्य अमेरिकेत पुष्कळ आहेत. त्यांनाही सामने हवे असतात.

शिवाय असा सामना हरला-जिंकला तरी पोस्टसीझनच्या, म्हणजे हंगामानंतरच्या स्पर्धांच्या, हिशेबात फरक पडत नाही. राष्ट्रीय स्पर्धेसाठी संघ निवडताना मुख्यतः डिव्हिजन-थ्रीतल्या संघांविरुद्धचे निकाल पाहतात. साखळीच्या गुणतक्त्यात तर तो नसतोच. मात्र वैयक्तिक विक्रमांच्या वहीत तो असतो, कारण १९५३ च्या वादातून निघालेल्या कसोटीला असं कॉलेज उतरतं: चार वर्षांचं, पदवी देणारं. म्हणजे ज्या नियमाने बेव्हो फ्रान्सिसचे ११६ बाद केले, त्याच नियमाने टेलरचे १३८ पक्के केले. लिंबूटिंबू प्रतिस्पर्धी नको, हा त्या नियमाचा हेतू. तो आकार मोजत नाही, वर्षं मोजतो. माझ्या मते खरी फट इथे आहे, आणि टेलर किंवा आर्सेनो यांना लबाड ठरवणं हे नियमाचं खापर माणसांवर फोडणं आहे.

अशी विषम जोडी फक्त छोट्यांकडेच लागते असंही नाही. डिसेंबर २०१३ मध्ये पहिल्या डिव्हिजनच्या सदर्न विद्यापीठाने चँपियन बॅप्टिस्ट कॉलेजविरुद्ध सामन्याच्या सुरुवातीला सलग ४४ गुण केले आणि शेवटी ११६-१२ ने जिंकले. बड्या शाळा हंगामाच्या आरंभी घरच्या प्रेक्षकांपुढे एखादा हमखास विजय बांधून घेतात. त्यावर कुणी अग्रलेख लिहीत नाही.

टेलरच्या १३८ चं ओझं दुसऱ्या वर्षी जाणवलं. क्रॉसरोड्सविरुद्ध त्याने ७० पैकी ३५ शॉट पाडले, रेषेबाहेरून ४८ पैकी २४, वर १५ फ्री थ्रो, एकूण १०९. नेमबाजी म्हणून पाहिलं तर हा डाव आदल्या वर्षीपेक्षा कितीतरी सरस. निम्मे शॉट आत जाणं कुठे आणि १०८ पैकी ५२ कुठे, त्यातही रेषेबाहेरून ७१ पैकी २७! पण १३८ नंतर १०९ ला पहिल्या पानाची जागा कोण देणार?

सिस्टिम पुढे ग्रिनेलबाहेरही गेली. आर्सेनो यांचा मुलगा डेव्हिड धाकटा, जो स्वतः ग्रिनेलचा खेळाडू होता आणि ज्याने २००७ मध्ये एका सामन्यात ३४ असिस्ट दिले होते, त्याने २०१४-१५ मध्ये एनबीएच्या दुय्यम डी-लीगमधल्या रीनो बिगहॉर्न्सकडे हीच पद्धत व्यावसायिकांकडून खेळवून घेतली. नंतर तो ग्रिनेलला परतला आणि वडिलांच्या जागी मुख्य प्रशिक्षक झाला.

त्याच्याच कारकिर्दीत, नोव्हेंबर २०२३ मध्ये, ग्रिनेलसमोर एमाउस बायबल कॉलेज होतं. म्हणजे महिना तोच आणि प्रतिस्पर्धीही त्याच जातकुळीचा. ग्रिनेलने त्या सामन्यात १११ शॉट मारले आणि १११ च्या १११ तीन गुणांच्या रेषेबाहेरून. बास्केटच्या जवळ जाऊन मारलेला एकही नाही. ४० पडले, ७१ चुकले, चार फ्री थ्रो मिळून १२४ गुण झाले आणि सामना १२४-६७ असा संपला. या वेळी एका खेळाडूचा विक्रम झाला नाही. एनसीएएच्या वहीत नोंद झाली ती सगळ्या संघाने मिळून मारलेल्या शॉटची.