पिट्युटरीची गाठ आणि जनुक तपासणी : रक्त देण्याआधी वाचा

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘एमईएन १’, ‘एआयपी’ किंवा ‘आरईटी’ यांपैकी एखाद्या जनुकाचे नाव लिहिले असेल, तर हे पत्रक तुमच्यासाठी आहे. तपासणी महाग आहे आणि चुकीच्या माणसाची केली तर पैसे पाण्यात जातात.

पिट्युटरी म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली छोटी ग्रंथी. तिच्या बहुतेक गाठी घराण्यातून येत नाहीत. शंभरातल्या साधारण पाचांनाच आनुवंशिक कारण असते. एरवी बिघाड फक्त गाठीच्या पेशींत होतो. कुशिंगच्या आजारातला (यात कॉर्टिसोल हे संप्रेरक अति वाढते) ‘यूएसपी ८’ जनुकाचा बिघाड सहसा याच प्रकारचा. तो रक्तात शोधून सापडत नाही आणि मुलांकडेही जात नाही.

कोणी विचार करावा

अठराच्या आत गाठ, तिशीच्या आत एक सेंटीमीटरहून मोठी गाठ, घरात दोघांना पिट्युटरीची गाठ, किंवा गाठीसोबत रक्तातले कॅल्शियम वाढलेले. ही शेवटची खूण फार निसटते. मुतखडा झाला की आपण बोअरच्या पाण्याला नि टोमॅटोच्या बियांना दोष देऊन मोकळे होतो. पण गाठ असलेल्याला मुतखडे वारंवार होत असतील, तर आधी कॅल्शियम आणि पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारे पॅराथायरॉईड ग्रंथींचे संप्रेरक) यांची तपासणी करा. जनुक तपासणीपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडते.

जनुके काय करतात

‘एमईएन १’ जनुक १९९७ साली सापडले. त्यापासून बनणारे मेनिन हे प्रथिन ६१० अमिनो आम्लांचे असून पेशींच्या वाढीला लगाम घालते. आनुवंशिक आजारात जनुकाची एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते. दुसरीही एखाद्या पेशीत निकामी झाली की तिथे लगाम सुटतो. पॅराथायरॉईड, स्वादुपिंड आणि पिट्युटरी या तिन्ही ठिकाणी गाठी येतात त्या यामुळे. ‘एआयपी’ (२००६) बिघडले तर गाठ कोवळ्या वयात येते, काही मुलांची उंची अवाजवी वाढते. मात्र ते वाहणाऱ्या बहुतेकांना गाठ होतच नाही.

‘आरईटी’चे उलटे आहे. इथे लगाम सुटत नाही, ॲक्सिलरेटरच अडकतो, त्यामुळे एक बिघडलेली प्रत पुरते. ते थायरॉईडच्या ‘मेड्युलरी’ नावाच्या कर्करोगाशी निगडित आहे. बिघाड नेमका कुठे, यावर शस्त्रक्रियेचे वय ठरते : ९१८ क्रमांकाच्या जागी असेल तर थायरॉईड पहिल्या वर्षातच काढण्याचा सल्ला देतात, ६३४ ला पाच वर्षांपर्यंत.

नमुना

पहिले रक्त आजारी माणसाचेच. निरोगी भावाचे आधी तपासून ‘नॉर्मल’ आले, तर त्यावरून काहीच ठरत नाही. आजारी माणसात बदल सापडला की नातेवाइकांत तेवढाच शोधायचा असतो, खर्चही कमी. तो बदल प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के.

३ ते ५ मिली रक्त, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये. हिरव्या झाकणाची चालत नाही, त्यातले हेपारिन पीसीआरला (डीएनएच्या प्रती काढण्याच्या पद्धतीला) अडथळा करते. उपाशी येण्याची गरज नाही. ट्यूब फ्रीझरमध्ये ठेवू नका. सिन्नर-दिंडोरीहून नमुना आणत असाल, तर एप्रिल-मे महिन्यांत गाडीच्या डिकीत तर मुळीच नको. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले असेल तर आधी सांगा, कारण रक्तात दात्याचा डीएनए येतो.

त्याच वेळी प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचे एक संप्रेरक) तपासायला रक्त द्यायचे असेल, तर ॲसिडिटीच्या गोळीत डॉमपेरिडोन आहे का पाहा, त्याने आकडा चढतो. केसांसाठीच्या गोळ्यांतले बायोटिन काही यंत्रांवर तो खोटा खाली आणते. यांपैकी जी गोळी घेत असाल ती डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी थांबवा. गाठ मोठी आणि प्रोलॅक्टिन जेमतेम वाढलेले असेल, तर नमुना १:१०० पातळ करून पुन्हा मोजायला सांगा. अति प्रोलॅक्टिनमुळेही आकडा फसवा कमी येतो.

अहवाल

‘अर्थ अनिश्चित’ असा बदल आला तर त्यावरून ना शस्त्रक्रिया, ना नातेवाइकांची तपासणी. ‘बदल नाही’ आला आणि घराण्यात संशय दाट असेल, तर एमएलपीए (जनुकाचे गळालेले तुकडे शोधणारी तपासणी) झाली का ते विचारा. जनुकाचा अख्खा तुकडा गळालेला असेल तर साध्या सिक्वेन्सिंगमध्ये (जनुकातली अक्षरे वाचण्याच्या तपासणीत) तो निसटू शकतो. येताना एमआरआय, जुने कॅल्शियमचे आकडे आणि आजी-आजोबांपर्यंतच्या आजारांची यादी आणा.