भिंतीची भेग आणि खांबाची भेग

भूकंप होऊन गेलेल्या घरात शिरलं की सगळ्यांची नजर आधी भिंतीकडे जाते. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी भेग, खाली गिलाव्याच्या पोपड्यांचा ढीग, फटीत बोट सहज जाईल. घरातली माणसं तीच भेग दाखवत असतात. तपासणीला आलेली इंजिनिअर मात्र तिच्यावर एक नजर टाकते आणि कोपऱ्यातल्या खांबापाशी जाऊन उकिडवी बसते. तिथे जेमतेम पेन्सिलीच्या रेघेएवढी चीर आहे. टॉर्च त्या चिरेवर, भिंगही त्या चिरेवर. मागे कुजबुज सुरू होते, ‘एवढी मोठी भेग सोडून ही काय बघत बसलीये?’

ती बरोबर जागी बसली आहे.

छत्री आठवा. कापड फाटलं तर तुम्ही भिजता, पण छत्री उभी राहते. काड्या मोडल्या तर कापड कितीही नवंकोरं असो, छत्री कोलमडते. काँक्रीटच्या इमारतीचंही तसंच. उभे खांब, म्हणजे कॉलम. त्यांच्यावर आडव्या तुळया, म्हणजे बीम. आणि बीमवर स्लॅब. सगळं वजन पेलतो तो हा सांगाडा. मधल्या विटांच्या भिंती नंतर भरलेल्या असतात, खोल्या पाडायला आणि वारा-पाऊस अडवायला.

मग आधी फुटते ती भिंतच का? रिकाम्या काडेपेटीचं बाहेरचं खोकं घ्या आणि वरून एका बाजूला हलकेच ढकला. चौकोन तिरका होतो. एक कर्ण लांबतो, दुसरा आखडतो. भूकंपात सांगाडा असाच डावी-उजवीकडे झुलतो. पोटात लोखंडी सळया असल्यामुळे त्याला थोडं झुलणं जमतं. विटांच्या भिंतीला झुलणं जमत नाही, आणि ताण तर तिला फारच कमी सोसतो. म्हणून लांबणाऱ्या कर्णाला छेद देत ती फाटते. सांगाडा उलट बाजूला झुलला की उलट दिशेने फाटते. दोन्ही मिळून भिंतीवर चक्क फुली उमटते, फुली-गोळ्याच्या खेळातल्यासारखी. कधी कधी त्याआधी भिंत बीमपासून नुसती सुटते आणि कडेने फट दिसते.

अशी भिंत अगदी निरुपद्रवी असते असं नाही हं. सुटलेल्या विटा डोक्यात पडू शकतात, पुढच्या धक्क्यात आख्खी भिंत बाहेर कोसळू शकते. तिच्याखाली झोपायचं नाही, तिला टेकून बसायचं नाही. पण तिच्यामुळे छप्पर खाली येणार नाही.

आता तो खांब. इथे रुंदीइतकंच चिरेच्या दिशेकडेही बघावं लागतं. खांबाच्या वरच्या किंवा खालच्या टोकाजवळ बारीक आडव्या चिरा असतील, तर खांब वाकून पुन्हा सरळ झालेला असतो. तो बहुतेकदा दुरुस्त होतो. तिरकी चीर दिसली की मात्र इंजिनिअरचा चेहरा बदलतो. खांबाचा वरचा भाग खालच्या भागावरून घसरू पाहत होता, असा तिचा अर्थ. वाकणारा खांब आधी कुरकुरतो, वेळ देतो. असा कापला जाणारा खांब एकदम जातो. खिडकीखाली अर्धी भिंत बांधलेली असते ना, तिथल्या खांबांवर ही तिरकी चीर हटकून शोधतात. अर्ध्या भिंतीने खालून धरून ठेवल्यामुळे झुलायला त्यांचा वरचा तेवढा तुकडाच मोकळा राहतो, आणि सगळा जोर त्यावर येतो.

याहून वाईट म्हणजे काँक्रीटचा बाहेरचा थर गळून सळया उघड्या पडणं. उभ्या सळयांभोवती थोड्या थोड्या अंतरावर लोखंडी रिंगा असतात, मोळी दोरीने आवळावी तशा. रिंगा उघडल्या असतील आणि सळया धनुष्यासारख्या बाहेर वाकल्या असतील, तर ती मोळी सुटली. तिथे मोजमाप करत बसत नाहीत, आधी सगळ्यांना बाहेर काढतात.

पण खरा घोळ पुढेच आहे. गिलावा खांबालाही असतो! म्हणजे खांबावर दिसणारी चीर नुसत्या गिलाव्याची असू शकते, आणि धडधाकट दिसणाऱ्या गिलाव्याच्या आत काँक्रीट फुटलेलं असू शकतं. म्हणून ती हातोडीने हळूच ठोकून ऐकते. आवाज पोकळ आला तर थर आतून सुटलाय. शंका असली की छिन्नीने तेवढाच गिलावा उडवून आतलं काँक्रीट बघायचं. चीर तिथेही पुढे गेली असेल तर ती खांबाची. मग तिच्यावर जाड-बारीक रेघा छापलेली पारदर्शक पट्टी ठेवून कोणती रेघ जुळते ते बघतात आणि रुंदी मिलिमीटरमध्ये लिहून घेतात.

चीर जुनी की नवी, हेही बघावं लागतं. नव्या चिरेच्या कडा धारदार आणि आतला रंग स्वच्छ असतो. आत धूळ बसलेली, रंग ओघळलेला किंवा कोळ्याचं जाळं दिसलं, तर ती कालच्या भूकंपाची नव्हे. (कोळ्याची साक्ष मला फार आवडते.)

आता थोडं उलटं सांगते. वर भिंतीबद्दल जे सांगितलं, ते खांब नसलेल्या घराला अजिबात लागू नाही. जुन्या दगडी किंवा विटांच्या घरात छप्पर थेट भिंतींवर टेकलेलं असतं. तिथे भिंतच खांब. तीच फुली दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर दिसली, तर ती गंभीर गोष्ट आहे. म्हणून इंजिनिअर आत शिरण्याआधी इमारतीला बाहेरून पूर्ण फेरी मारते. इमारत कलली आहे का, तळमजला वाकडा झालाय का, वरून काही लोंबकळतंय का, हे बघते आणि मुख्य म्हणजे वजन कशावर उभं आहे ते ओळखते. ते कळल्याशिवाय कुठल्याच भेगेचा अर्थ लागत नाही.

मोठ्या भूकंपानंतर तपासायच्या इमारती खूप आणि माणसं थोडी असतात. १९८९ साली अमेरिकेत ‘एटीसी-२०’ नावाची पद्धत आली. तिच्यात पहिली झटपट तपासणी करून दारावर रंगीत कागद लावतात: लाल म्हणजे आत जायचं नाही, पिवळा म्हणजे जपून आणि ठरवून दिलेल्या अटींवर, हिरवा म्हणजे बंदी नाही. हिरव्या कागदावर शब्द असतो ‘तपासली’. जपानमध्येही तसंच. ‘सुरक्षित’ असं कुठेच लिहिलेलं नसतं, पण हिरवा रंग बघून लोक तेच वाचतात. न्यूझीलंडने पुढे हिरव्याऐवजी पांढरा कागद आणला, आणि मला ते शहाणपणाचं वाटतं. तिथल्या क्राइस्टचर्च शहरात सप्टेंबर २०१० च्या भूकंपानंतर सीटीव्ही इमारतीला हिरवा कागद मिळाला होता. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात ती कोसळली आणि ११५ माणसं गेली. चौकशीत तिच्या आराखड्यातच दोष निघाले. भेगा काल काय झालं ते सांगतात. इमारत मुळात कशी बांधली आहे, ते कागदपत्रं उघडूनच बघावं लागतं.

आपली इंजिनिअर अजून खांबापाशीच आहे. तिने चिरेवर आडवी एक काचेची पातळ पट्टी चिकटवली आणि शेजारी तारीख, वेळ लिहिली. मोठ्या भूकंपानंतर छोटे धक्के येतच राहतात. खांब जरासा जरी हलला, तरी काच आधी तडकेल. घरच्यांना तिने रात्री दुसरीकडे झोपायला सांगितलंय. उद्या सकाळी ती येईल, ती आधी त्या पट्टीकडेच बघायला.