ओरण (राजस्थान)

ओरण म्हणजे राजस्थानात देवाच्या नावानं राखून ठेवलेली गावाची सामायिक जमीन. आपल्याकडच्या देवराईची चुलत बहीण म्हणा हवं तर, पण कोकणातली गर्द देवराई डोळ्यासमोर आणून जैसलमेर-बाडमेरकडं गेलात तर फसाल. तिथलं ओरण म्हणजे नजर पोचेल तिथवर उघडा माळ, सेवण गवत, मधेच खेजडी (आपली शमी), जाळ, केर, बोरीची झुडपं आणि कुठंतरी देवीचं किंवा लढाईत पडलेल्या एखाद्या वीराचं थान. राज्यात अशी साधारण 25,000 ओरणं आणि त्यांचं क्षेत्र 6 लाख हेक्टरच्या आसपास असा अंदाज सांगितला जातो.

नियम साधे आणि कडक. हिरव्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, नांगर घालायचा नाही, वाळलेलं लाकूड उचलायचं तेही देवळाच्या किंवा गावाच्या कामापुरतं. गुरं मात्र खुशाल चारा, बहुतेक ठिकाणी त्याला मनाई नाही, उलट उंट-शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांचं सगळं गणितच यावर चालतं. ओरणातच नाडी म्हणजे छोटं तळं असतं, आणि पावसाचं पाणी ज्या उतारावरून वाहत तिच्यात येतं त्याला आगोर म्हणतात, तिथं घाण करायची नाही हा पण नियमच. हद्द आखताना दुधाची किंवा गंगाजळाची धार सोडत अख्ख्या जमिनीला फेरी मारायची रीत होती. आता यात कागद कुठंय? कुठंच नाही, आणि सगळी भानगड तिथंच आहे.

देगराय मातेचं ओरण घ्या, जैसलमेर जिल्ह्यातलं, सगळ्यात गाजलेलं. गावकरी सांगतात ते क्षेत्र 60,000 बिघे, महसूल दप्तरात ओरण म्हणून नोंद झाली जेमतेम 24,000 बिघ्यांची. उरलेली जमीन सरकारी पडीक. दप्तरात एकदा पडीक लिहिलं की बाहेरच्या माणसाला ती रिकामीच वाटणार, आणि वाळवंटात ऊन-वारा तर फुकट, त्यामुळं सोलर आणि पवनचक्कीवाल्यांना अशाच जमिनी दिल्या गेल्या. हिरवी ऊर्जा हवीच, त्याबद्दल वाद नाही, पण शेकडो वर्षं राखलेल्या चराईलाच पडीक ठरवून ती उभी करायची हे काही पटत नाही.

नुसती जमीन गेली असती तरी एक वेळ भांडता आलं असतं, इथं विजेच्या तारा पण आल्या. या भागात गोडावण राहतो, म्हणजे आपला माळढोक, जो सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात आता जवळपास दिसेनासाच झालाय. नर 15 किलोपर्यंत भरतो, समोरचं त्याला नीट दिसत नाही कारण डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, आणि एवढं वजन घेऊन उडताना तार दिसली तरी वळायला वेळ मिळत नाही. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, म्हणून एक पक्षी गेला तरी भरून यायला वर्षं लागतात. 2020 च्या सप्टेंबरमध्ये देगरायच्या परिसरात असाच एक गोडावण तारेला धडकून मेला. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजानुसार जैसलमेरच्या साधारण 4,200 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात विजेच्या तारांमुळं वर्षाला सगळ्या जातींचे मिळून सुमारे 84,000 पक्षी मरतात. सुप्रीम कोर्टानं 2021 च्या एप्रिलमध्ये तारा जमिनीखाली टाकायला सांगितलं, मग 2024 च्या मार्चमध्ये तो आदेश सरसकट लागू करणं व्यवहारात जमणार नाही म्हणून सैल केला आणि तज्ज्ञांची समिती नेमली.

ओरण वाचवणारे लोक कोण, तर बहुतेक तिथलेच. पशुपालक, देवळाची मंडळी, गावातली पोरं. पगार नाही, ऑफिस नाही. तारांखाली फिरून मेलेल्या पक्ष्यांचे फोटो काढायचे, उन्हाळ्यात जनावरांसाठी पाणी भरायचं, कुत्र्यांनी फाडलेलं हरीण उचलून आणायचं, आणि या सगळ्यापेक्षा किचकट म्हणजे हद्द सिद्ध करायची. म्हातारा माणूस पुढं चालतो, ही खेजडी, तो दगड, पलीकडची बेरी म्हणजे जुनी छोटी विहीर, असं दाखवत जातो आणि मागून पोरगा मोबाईलच्या जीपीएसवर एकेक खूण नोंदवतो, मग ते सगळं अर्जाला जोडून पटवारी, तहसील, कलेक्टर असा फेरा सुरू. वीरांच्या आणि सतींच्या शिळा म्हणूनच महत्त्वाच्या, पूजेला तर आहेतच पण एखादीवर जुना लेख असला तर तो पुरावा म्हणून पण चालतो. पदयात्रा, धरणं हेही होतं. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये बईया गावात सोलर प्रकल्पाविरुद्ध लोक बसले तेव्हा शिव मतदारसंघाचे आमदार रवींद्रसिंह भाटी त्यांच्यासोबत उतरले आणि विषय एकदम राज्यभर गेला. जोधपूरजवळच्या खेजडलीत 1730 मध्ये झाडांना मिठी मारून 363 बिश्नोईंनी जीव दिला, त्याची आठवण अशा प्रत्येक सभेत निघतेच.

कोर्टातली लढाई मात्र अलवरकडच्या कृपाविस संस्थेच्या अमन सिंह यांनी लावून धरली. 18 डिसेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टानं राजस्थानला सांगितलं की प्रत्येक ओरणाची जमिनीवर जाऊन आणि उपग्रहावरून मोजणी करा, त्यांना वन म्हणून नोंदवा, आणि देखरेखीला निवृत्त हायकोर्ट न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती बसवा. लहान म्हणून एखादं ओरण गाळायचं नाही हे पण स्पष्ट केलं.

गंमत म्हणजे यावर सगळेच खूश नाहीत. त्याच वर्षी फेब्रुवारीत सरकारनं ओरणांना वन मानायची अधिसूचना काढून हरकती मागवल्या तेव्हाच बऱ्याच गावांनी धास्ती घेतली होती, कारण वनखातं आलं की चराई बंद, डिंक बंद, वाळलेलं लाकूड उचलायलाही परवानगी, असा त्यांचा हिशोब. कोर्टानं सुचवलेला मार्ग सामुदायिक राखीव क्षेत्राचा, ज्यात कारभारात गावाचा वाटा राहतो. तो दर्जा कुठल्या ओरणाला द्यायचा ते राज्य सरकारच्या हातात आहे.