पार्श्वभूमी : पर्यावरणीय आढाव्याचा प्रश्न ठरवताना कोणाला बसवायचे?

कोल्हापूरच्या पंचगंगा नदीच्या प्रदूषणावर आजवर झालेले संशोधन गोळा करून त्याचा पद्धतशीर आढावा (म्हणजे आधी ठरवलेल्या निकषांनी अभ्यास शोधून, चाळून काढलेला निष्कर्ष) घ्यायचा म्हटले, तर पहिली अडचण आकडेमोडीची नसते. प्रश्न नेमका कसा मांडायचा आणि तो मांडताना समोर कोण हवे, इथेच काम अडते. काय आणि कसे शोधायचे याचा आराखडा एकदा छापून गेला की नंतर लोकांना बोलावून उपयोग फार थोडा.

पद्धतशीर आढाव्याची ही रीत पर्यावरणात आली वैद्यकातून. तिथे ती १९९० च्या दशकात रुळली. २००१ च्या सुमारास संवर्धनशास्त्रातल्या अभ्यासकांनी ती उचलावी असा आग्रह सुरू झाला आणि २००६ मध्ये निसर्गसंवर्धनासाठीची मार्गदर्शक तत्त्वे छापून आली. लोकसहभागाचा धागा त्याहून जुना. सहभागाच्या आठ पायऱ्यांची शिडी १९६९ ची, पर्यावरणाच्या निर्णयांत लोकांचा सहभाग हवा असे सांगणारे रिओ जाहीरनाम्याचे दहावे तत्त्व १९९२ चे, आणि भारतात ठरावीक प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीआधी जनसुनावणी बंधनकारक झाली ती १९९७ पासून. मात्र जनसुनावणीत हरकती नोंदवतात. आढाव्याच्या बैठकीत काय शोधायचे ते ठरवतात. आपल्याकडे ही गल्लत सर्रास होते आणि बैठक पहिल्या अर्ध्या तासातच तक्रारींच्या यादीकडे वळते.

हे दोन धागे खऱ्या अर्थाने जुळले ते २००६ नंतर. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये धोरण राबवणाऱ्या आणि संशोधन करणाऱ्या ६०० हून अधिक जणांकडून परिसंस्थांविषयीचे हजारावर प्रश्न गोळा करून त्यातले १०० निवडण्यात आले. २०१२ पासून स्वीडनमधल्या एका परिषदेने आराखडा लिहिण्याआधीच संबंधितांना बोलावण्याची आणि मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला ठेवण्याची पद्धत पाडली. त्या परिषदेचा २०१५ चा एक आढावा कोल्हापूरच्या रंकाळा तलावाची काळजी असणाऱ्यांनी जरूर पाहावा. पोषकद्रव्ये साठून गढूळ झालेल्या तलावातून प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) खाणारे आणि तळ उकरून खाणारे मासे काढले तर पाणी निवळते का, असा तो प्रश्न. पण प्रश्नातच ‘समशीतोष्ण’ हा शब्द आहे. तिथल्या तलावांसाठी ते योग्यच, रंकाळ्याला मात्र ते उत्तर जसेच्या तसे लागू करता येत नाही. प्रश्न ठरवताना ज्यांचा तलाव समोर असतो, उत्तर त्यांच्या तलावाचे मिळते. पुढे २०१७ मध्ये कोणाला, केव्हा आणि कशासाठी सामील करायचे याची स्वतंत्र चौकट आली. अशा आढाव्यांच्या २०१८ च्या अहवाल-नमुन्यात तर या सहभागाची नोंद करण्यासाठी वेगळा रकानाच आहे.

आता शब्दाचा घोळ. इंग्रजीत ज्यांना ‘स्टेकहोल्डर’ म्हणतात त्यांना मराठीत काय म्हणायचे? ‘भागधारक’ हा शब्द कागदपत्रांत सर्रास दिसतो आणि कोल्हापुरात तोच सर्वात जास्त दिशाभूल करतो. इथे भागधारक म्हणजे ज्याच्या नावावर शेअर आहे तो, साखर कारखान्याचा सभासद, सूतगिरणीचा सभासद. ‘पंचगंगा आढाव्यासाठी भागधारकांची बैठक’ अशी नोटीस लागली तर ऊस घालणारा शेतकरी येईल, पण नदीत जाळे टाकणारा भोई येणार नाही, घाटावर धुणे धुणारी बाई येणार नाही, शेअर नसलेला शेतमजूरही येणार नाही. नदीतले पाणी यांच्या अंगाला लागते आणि नोटीस यांना वगळते. ‘हितसंबंधी’ म्हणावे तर ‘हितसंबंध गुंतलेले’ हे आपल्याकडे आरोपाचे शब्द आहेत. सरकारी कागदांतला ‘हितधारक’ कोणाच्या तोंडी नाही. वृत्तपत्रांतले ‘संबंधित घटक’ निरुपद्रवी आहे, पण इतके पसरट की त्यातून कोणीही सुटू शकते. आमच्या मते नोटिशीत सामूहिक शब्द वापरूच नये. मासेमारी करणारे, उपसा सिंचन संस्थांचे सभासद, नळपाणी योजनेचे कर्मचारी, कापड प्रोसेसिंगवाले, आसवनीचे (डिस्टिलरीचे) तंत्रज्ञ, नदीकाठच्या ग्रामपंचायती असे एकेक नाव लिहावे. यादी लांबते, पण कोण राहिले ते लगेच दिसते.

ही माणसे आढाव्याला नेमके काय देतात? पहिले म्हणजे शोधशब्द. नदीत ‘मळी’ सोडली असे गाव म्हणते. तिचे सरळ भाषांतर ‘मोलॅसिस’ करून शोध घेतला तर किण्वनावरचे निबंध ढिगाने येतात. हवे असते आसवनीचे सांडपाणी, म्हणजे ‘स्पेंट वॉश’, ‘व्हिनास’, ‘डिस्टिलरी एफ्लुएंट’. ‘केंदाळ’ म्हणजे जलपर्णी शोधताना आयकॉर्निया आणि पाँटेडेरिया ही दोन्ही शास्त्रीय नावे घ्यावी लागतात, कारण वर्गीकरण बदलले आहे. एक सोडले की तितके निबंध निसटले.

दुसरे, तुलना कशाशी करायची ते. संशोधक वरच्या आणि खालच्या अंगाचे नमुने ताडून पाहतो. पण कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातले की मागे पाणी थांबते, त्यात सांडपाणी मिसळले की विरघळलेला ऑक्सिजन घसरतो आणि मासे तरंगतात. बरगे कधी घातले, कधी काढले हे उपसा करणाऱ्यांना ठाऊक असते. म्हणून ‘बरगे असताना’ आणि ‘नसताना’ ही तुलना आराखड्यात आधीच हवी.

तिसरे, परिणाम कोणते मोजायचे. बीओडी (पाण्यातली घाण कुजायला लागणारा ऑक्सिजन) आणि विरघळलेला ऑक्सिजन तर येतीलच. अंगाला खाज, कावीळ, क्षारपड जमीन, माशांच्या जाती हे निकषांत नसतील तर ते मोजणारे अभ्यास पहिल्याच चाळणीत बाद होतात. इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची साथ आली होती. शिरोळ तालुक्यातली क्षारपड तर जुनीच. हे रकाने मागाहून घालायचे तर सगळा शोध पुन्हा चालवावा लागतो आणि आराखड्यापासून झालेला फरक अहवालात नोंदवावा लागतो. असा एक आढावा पुरा करायला सरासरी १६४ पूर्ण कामाचे दिवस लागतात, असा हिशेब २०१९ मध्ये मांडला गेला आहे. त्यात फेरशोध परवडत नाही.

वादाचा मुद्दा एकच उरतो. पैसे देणारा किंवा ज्याच्यावर सांडपाण्याचा आरोप आहे तो प्रश्न ठरवताना बसावा का? बसावा, कारण प्रक्रिया-संयंत्राची आतली माहिती त्याच्याकडेच असते. पण अभ्यास निवडण्याच्या चाळणीत त्याचा हात नसावा. तिथे दोन वाचकांनी एकमेकांचे न पाहता नमुना चाळायचा, त्यांच्यातला मेळ मोजणारा ‘कप्पा’ हा आकडा (१ म्हणजे पूर्ण मेळ) ०.६ च्या खाली गेला तर निकषांची भाषा सुधारायची, आणि स्वतःचा निबंध कोणी स्वतः तपासायचा नाही. हाच नियम नदीसाठी भांडणाऱ्या कार्यकर्त्यालाही लागू.

बैठकीची वेळही पाहावी. गळीत हंगामात ऊसतोडीमुळे शेतकरी मिळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये नदी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते तेव्हा काठची गावे स्थलांतराच्या गडबडीत असतात. एप्रिल-मे बरा, तोही संध्याकाळी, गावच्या चावडीवर. इतिवृत्त मराठीत लिहून तिथेच वाचून दाखवावे, आणि ज्या सूचना घेतल्या नाहीत त्यांच्यापुढे कारण लिहावे.